आरशाला बॅकअप समजणाऱ्याचं आभारपत्र

दादा,

स.न.वि.वि.

त्या रात्री फोन केला तेव्हा तुमच्याकडून मला एवढंच ऐकायचं होतं, ‘काढ बिनधास्त.’ नॅसमधल्या, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डब्यातल्या, ४ टीबीच्या दोन्ही डिस्क गच्च भरलेल्या, ८ टीबीच्या दोन नव्या टेबलावर, आणि माझा हात पहिल्या डिस्कच्या ट्रेवर. तुम्ही उलट विचारलंत, ‘दुसरी प्रत कुठे आहे?’

‘रेड १ आहे की, मिररिंग! दोन्ही डिस्कवर तेच लिहिलं जातं.’ मी ऐटीत.

‘अरे, मिरर म्हणजे आरसा. तोंडाला काळं लागलं तर आरशात गोरं दिसेल का?’

चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते, रॅन्समवेअर (फाइली अडकवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) आलं तर दोन्हींवर कुलूप, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत असूनही हात ट्रेवर होताच.

मग तुम्ही स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींचा, अहवाल उघडायला लावलात. १९७ क्रमांकाची ओळ मी कधी वाचलीच नव्हती. पहिल्या डिस्कसमोर शून्य, दुसरीसमोर १६ पेंडिंग सेक्टर, म्हणजे वाचताना अडखळलेल्या जागा. मी काढायला निघालो होतो ती नेमकी धडधाकट डिस्क! ती निघाली असती तर रीबिल्डचा, म्हणजे उरलेल्या डिस्कवरून नवी भरण्याचा, सगळा भार आजारी डिस्कवर पडला असता. रीबिल्डमध्ये डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाते. त्या १६ जागा वाचता आल्या नसत्या, तर विचारायला दुसरी डिस्कच उरली नसती. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

तरी तुम्ही डिस्क बदलू दिली नाहीत. आधी यूएसबी डिस्कवर पूर्ण प्रत. कधीकाळी बेतून सोडून दिलेला बॅकअप जॉब मी चालवला, हिरवी खूण आली. ‘आता एखादा फोल्डर परत उतरवून दाखव,’ तुम्ही म्हणालात. खोटं कशाला बोलू, मला ते अतीच वाटलं. बाबांच्या वह्यांचे स्कॅन निवडले, तर ते प्रतीत नव्हतेच. जॉब बेतल्यानंतर तो फोल्डर केला होता आणि जॉबच्या फोल्डर-यादीत घालायचा राहिला होता. हिरवी खूण यादीपुरतीच खरी होती.

पुढचं काम सरळ. आजारी डिस्क आधी काढली. रीबिल्डला रात्र गेली. (नव्या डिस्क सीएमआर, म्हणजे सुटे ट्रॅक असलेल्या, आहेत ना, हे तुम्ही मॉडेल क्रमांकावरून तपासून घेतलंत. कौलांसारखे एकावर एक चढलेले ट्रॅक असलेल्या एसएमआरवर रीबिल्ड फार रेंगाळतो म्हणे.) सकाळी जागा तेवढीच दिसली म्हणून मी घाबरून फोन केला आणि तुम्ही हसलात: जोडीतली लहान डिस्क जेवढी, तेवढीच जागा. दुसरी बदलली, व्हॉल्यूम (वापरायची जागा) वाढवला, तेव्हा कुठे दुप्पट झाली. ८ चे सुमारे ७.३ का दिसतात, यासाठी आणखी एक फोन. डिस्क बनवणारे १००० च्या पटीत मोजतात, नॅस १०२४ च्या, हे तुम्ही न कंटाळता सांगितलंत.

आता रोज स्नॅपशॉट (फाइलींच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद) निघतो, महिन्यातून एकदा स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणी) चालतो. यूएसबी डिस्क काम झाल्यावर केबल काढून कपाटात जाते. जुनी धडधाकट डिस्क तिसरी प्रत घेऊन ताईच्या घरी आहे. येत्या रविवारी तिच्यावर ताजी प्रत घ्यायची आहे. वह्यांचा फोल्डर या वेळी आधी उतरवून बघेन, तुमचा फोन यायच्या आत.

तुमचा,
ट्रेवरून हात काढलेला