कर्ज मिळाले म्हणजे इमारत अधिकृत झाली का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अनधिकृत इमारतीवर हातोडा पडला की दोन दिवस बिल्डरच्या आणि महापालिकेच्या नावाने बोटे मोडली जातात. मोडायलाच हवीत. पण त्याच इमारतीतल्या घरांवर वीस-वीस वर्षांची कर्जे देणाऱ्या बँकांबद्दल कोणी बोलत नाही. माझी उमेदीची वर्षे एका नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात गेली, म्हणून हे पत्र लिहिण्याचा थोडा अधिकार आहे असे समजतो.

कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचे प्रकरण वाचकांना आठवत असेल. महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार झाल्या, त्यांच्या जोरावर महारेराचे (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचे) नोंदणी क्रमांकही मिळाले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इमारती पाडण्याचा आदेश दिला. तिथल्या अनेकांनी गृहकर्ज काढून घर घेतले आहे. ‘बँकेने कर्ज दिले म्हणजे कागद बरोबरच असणार’ हा त्यांचा समज होता. तो भाबडा म्हणून हसण्यावारी नेऊ नका. साइटवर ‘या प्रकल्पास अमुक बँकांचे कर्ज उपलब्ध’ असा फलक लावून हा समज मुद्दाम विकला जातो.

बँक खरोखर काय तपासते? कर्जदाराची पगारचिठ्ठी, आयकर विवरणपत्रे, सिबिल (कर्जफेडीचा पतगुणांक), जामीनदार हे सगळे भिंग लावून. मग पॅनेलवरचे वकील सर्च रिपोर्ट देतात. त्यात तीस वर्षांचे फेरफार, सातबारा, विकसन करारनामा, जमिनीवरचे बोजे असे सगळे असते. पण हा शोध मालकीचा, बांधकामाचा नव्हे. बांधकाम परवानगी, म्हणजे आपण जिला सीसी म्हणतो ती, बिल्डरने दिलेल्या झेरॉक्सवरून ‘पाहिली’ एवढीच नोंद होते. एकदा एका फायलीतली सीसी घेऊन मी स्वतः नगररचना विभागात गेलो. त्या जावक क्रमांकावर भलत्याच वॉर्डातल्या भलत्याच पत्राची नोंद होती. परत येऊन साहेबांना सांगितले, तर ‘पार्टी जुनी आहे, मार्च तोंडावर आलाय’ हे उत्तर. ती फाइल मी अडवली. पण खरे सांगायचे तर त्यानंतर प्रत्येक फायलीसाठी नगररचनेचे जिने चढलो नाही.

नियम नव्हते असे नाही. दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २००६ मध्येच बँकांना बजावले होते: मंजूर नकाशा पाहा, वास्तुविशारदाचा दाखला घ्या, अनधिकृत वसाहतीत कर्ज देऊ नका. तयार घरासाठी वास्तुविशारदाच्या दाखल्याबरोबरच, इमारत मंजूर नकाशाप्रमाणे आहे आणि ‘शक्यतो’ पूर्णत्वाचा दाखलाही आहे, असे प्रतिज्ञापत्र कर्जदारानेच करून द्यायचे! म्हणजे ज्याला त्या इमारतीतले सर्वांत कमी कळते, त्याच्या सहीवर बँक निर्धास्त. आणि त्या ‘शक्यतो’मधून किती फायली निघून गेल्या असतील याचा हिशेब कोण ठेवतो?

१७ डिसेंबर २०२४ रोजी मेरठच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही फट बुजवली. पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला (ओसी, म्हणजे इमारत राहायला वापरण्याची परवानगी) तपासल्यावरच इमारतीच्या तारणावर कर्ज द्यावे, असा निर्देश आहे. वीज-पाण्याच्या जोडणीलाही तीच अट. बांधकाम सुरू असलेल्या इमारतीला ओसी कुठून येणार, हा बँकांचा प्रश्न रास्त आहे. मुंबईत वर्षानुवर्षे ओसीविना राहणाऱ्या जुन्या सोसायट्यांचा प्रश्नही सोपा नाही. पण तिथे निदान मूळ परवानगी खरी असते. खोट्या सीसीवर उभी राहिलेली इमारत त्यांच्या पंक्तीला बसवू नये.

इमारत पाडल्यावर काय होते ते कर्जदारांना कोणी नीट सांगत नाही. फ्लॅटचा करारनामा बँकेच्या तिजोरीत, पण अभिहस्तांतरण (जमीन सोसायटीच्या नावे करणे) झालेले नसल्याने जमीन मूळ मालकाच्या नावावर. नालासोपाऱ्यात २०२४च्या अखेरीपासून २०२५च्या सुरुवातीपर्यंत ज्या ४१ इमारती पाडल्या, तिथली जमीन तर डम्पिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रकल्पासाठी आरक्षित होती. तिथे तारण म्हणून उरले काय? राडारोडा. कर्ज मात्र जिवंत राहते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६८नुसार तारण नष्ट झाले की बँक दुसरे तारण मागू शकते आणि ते न मिळाल्यास पैशांसाठी दावा लावू शकते. हप्ता थकला की सिबिल जाते आणि जामीनदाराच्या दारात नोटीस येते. पाडकामाआधी सरफेसी कायद्याखाली (थकीत कर्जाचे तारण कोर्टात न जाता ताब्यात घेण्याचा कायदा) ताबा घेऊन लिलाव केला, तरी तो ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीवर. महापालिकेच्या नोटिशीसकट फ्लॅट घ्यायला कोण पुढे येणार? बँकेचे पैसेही बुडाल्यात जमा, आणि सहकारी बँकेत ते तुमच्याआमच्यासारख्या ठेवीदारांचेच असतात.

दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला, मालमत्ता करही भरतो, असे रहिवासी कळवळून सांगतात. त्याने बांधकाम अधिकृत होत नाही. अनधिकृत बांधकामाची शास्ती (दंड) वसूल करतानाही महापालिका तसे म्हणत नाही.

माझी मागणी एवढीच आहे. बँकेने सीसीची खातरजमा बिल्डरच्या झेरॉक्सवरून नव्हे, थेट नगररचना विभागाकडून लेखी करून घ्यावी. वकिलाचा आणि मूल्यांककाचा खर्च बँक कर्जदाराकडूनच वसूल करते, तेव्हा त्या दोन्ही अहवालांच्या प्रती पहिली रक्कम वितरित होण्यापूर्वी कर्जदाराच्या हातात द्याव्यात. आज मागितल्या तर ‘अंतर्गत कागद आहेत’ म्हणून बोळवण होते. आणि जिथे ही तपासणी न करताच कर्ज दिले, तिथे पाडकामाच्या दिवसापासून व्याजाची आकारणी थांबावी. हे रिझर्व्ह बँकेने ठरवले तर एका परिपत्रकाचे काम आहे.

– नागरी सहकारी बँकेतील एक निवृत्त कर्ज अधिकारी, ठाणे