कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या गॅरेजवाल्या मिस्त्रीकाकांस

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

परवा आंबा घाट चढताना आईला गाडीत झोप लागली. मणक्याच्या ऑपरेशननंतर गाडीत असं पहिल्यांदाच झालं. मलकापूर मागे पडलं तरी ती उठली नाही. बांबवड्याला चहाला थांबलो तेव्हा डोळे उघडून म्हणाली, "घाट सुरू व्हायचाय ना अजून?" म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण गाडीच्या हादऱ्यांबद्दल तुम्ही मला जे पंधरा मिनिटांत समजावलंत ते त्याआधी सहा महिने कुणीच सांगितलं नव्हतं.

साखरप्याहून कोल्हापूर ऐंशीएक किलोमीटर. दर महिन्याला तपासणीला यावं लागतं. रस्त्याचं चौपदरीकरण सुरू असल्याने कुठे वळण, कुठे खडी, कुठे अर्धवट मोरी. आमची २०१३ ची वॅगनआर, ९२,००० किलोमीटर झालेली. प्रत्येक खड्ड्याला मागून "आई गं" ऐकू यायचं आणि माझा पाय ब्रेकवर जायचा.

तुमच्याकडे येण्याआधी दोन ठिकाणी दाखवलं होतं. एका गॅरेजने चारही शॉकअप (चाकाजवळचे, हादरे आवरणारे तेलाचे नळकांडे), चारही स्प्रिंगा आणि आणखी बरंच काही मिळून २३,००० सांगितले. ऑपरेशनचं कर्ज फेडत असताना ते जमण्यासारखं नव्हतं. दुसऱ्याने रिकंडिशनचे चार ३,५०० रुपयांत बसवून देतो म्हटलं. मी तिकडेच वळणार होतो.

तुम्ही बॉनेटसुद्धा उघडलं नाहीत. पहिला प्रश्न केलात, "बसतंय कोण गाडीत? आणि कुठं?" मी म्हटलं, आई, मागे, आडवी होता यावं म्हणून. तुम्ही डोकं हलवलंत. "मागची शीट चाकाच्या डोक्यावर येती. सगळ्यात जास्त हादरा तिथंच. पुढं बसवा, पाठ जरा मागं टाका. ह्याला पैसं पडत न्हाईत."

मग डिकीच्या कोपऱ्यावर तळवा ठेवून जोरात दाबलंत आणि सोडलंत. गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी होती, ती तीनदा डोलली. मागच्या चाकाआड हात घालून शॉकअपची नळी फडक्याने कोरडी पुसलीत आणि गाडी घेऊन एक फेरी मारून आलात. परत बोट फिरवलंत, तर तेलात कालवलेल्या धुळीचा काळा लगदा बोटाला आला. "नुसता दमट आसला तर चालतंय. पुसून परत वल्ला झाला, म्हंजे सील गेलं." पुढच्या दोघांची गळती तेवढी नव्हती, पण दाबल्यावर वरच्या माउंटाचं, म्हणजे शॉकअप जिथे गाडीच्या अंगाला बसतो त्या बैठकीचं, रबर कट्ट वाजत होतं.

तुमचं एक वाक्य मी तेव्हापासून कितीजणांना सांगितलं असेल. "वजन स्प्रिंग पेलतंय. शॉकअप नुसता स्प्रिंगला गप बसवतोय." मागच्या स्प्रिंगांत मी घातलेले रबरी बफर तुम्ही तिथल्या तिथे काढायला लावलेत. सामान भरल्यावर गाडीचं पोट घासतं म्हणून मी ते बसवले होते. त्याने स्प्रिंग कडक झाली, तिला खेळायला जागा उरली नाही आणि थकलेल्या शॉकअपला ती आवरेना. मायलेजसाठी चाकांत ३८ हवा ठेवत होतो, तीही दारावरच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढ्यावर आणलीत. एक रुपया न घेता निम्मा त्रास तिथेच कमी झाला.

रिकंडिशनचं विचारलं तर रागावलात. जुनीच नळी, वर नवं तेल, नवा रंग. आतला व्हॉल्व्ह झिजलेला तो झिजलेलाच. चार महिन्यांत परत वाहणार आणि मजुरी दुसऱ्यांदा. महागाच्या कडक शॉकअपचंही तुम्ही ऐकून घेतलं नाहीत. ते भरधाव वळणं घेणाऱ्यांसाठी, दुखऱ्या पाठीसाठी नव्हेत. गाडीला कंपनीतून येतात त्याच मापाचा, त्याच ताकदीचा गॅब्रिएलचा जोड काढलात. एकच बदलला तर चालेल का, असं मी विचारलं होतं. "बैलजोडीत एक म्हातारा, एक खोंड जुपतंय का कोण?" एवढंच म्हणालात.

जुना शॉकअप काढल्यावर माझ्या हातात दिलात. दांडी दाबली तर सुरुवातीला थोडा जोर लागला आणि मध्ये अगदी पोकळ, तशीच आत गेली. मग नवा दाबायला दिलात. अंगाचा सगळा भार टाकला तेव्हा कुठे तो सावकाश खाली सरकला. आईची पाठ इतके दिवस त्या पोकळीवर आदळत होती, हे मला तेव्हा हाताला कळलं.

खालचा बोल्ट तुम्ही गाडी जॅकवर असताना नुसता अडकवलात आणि चाकं जमिनीला टेकल्यावर आवळलात. लटकत्या चाकावर आवळला तर बुश, म्हणजे बोल्टाभोवतीचं रबर, पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो, हेही सांगितलंत. घाईच्या वेळी गिऱ्हाइकाला इतकं कोण सांगतं, काका?

त्या दिवशी मागचा जोड २,३००, रबरं २४०, मजुरी ५०० असे ३,०४० रुपये झाले. पुढचंही आजच करून टाका म्हटलं तर तुम्हीच नको म्हणालात. पुढचा शॉकअप स्प्रिंगसकट उतरवावा लागतो, म्हणून माउंट आणि शॉकअप एकदमच करायचे, मजुरी एकदाच पडते. दोन महिने थांबा, पैसे साठवा. ते काम गेल्या महिन्यात झालं. जोड ४,२००, बेरिंगसकट माउंट १,३००, मजुरी १,२००, अलाइनमेंट ३५०. दोन्ही वेळचे मिळून १०,०९० रुपये, तेही दोन हप्त्यांत.

खडी असली की गाडीत आवाज अजून येतो, ती जुनीच गाडी आहे. पण खड्डा आता एकदाच लागतो आणि तिथेच संपतो. आई पुढे बसते, रस्ता बघते, कुठल्या वळणावरचं झाड तोडलं ते मला सांगते.

हजार किलोमीटर झाल्यावर बोल्ट दाखवायला या म्हणाला होतात. या फेरीत ते पुरे होतात. गुरुवारी तपासणी आटोपली की बाराच्या सुमारास येतो. आईही येणार आहे. तिने यंदाची आमसुलं तुमच्यासाठी वेगळी काढून ठेवलीत, आणि ती तुमच्या हातात तिलाच द्यायची आहेत.

आपला,
साखरप्याचा वॅगनआरवाला