हर्णैच्या घरी, बर्गनहून

बर्गन, नॉर्वे, 23 मार्च 2025

ती. बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार. दादा-वहिनींना नमस्कार, नमूला आणि चिऊला अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे. हे पहिल्याच ओळीत लिहिते, म्हणजे आईला पुढचं सगळं निवांत ऐकता येईल. चिऊ, तू मोठ्याने वाच आणि मध्ये गाळू नकोस. अक्षराकडे बघू नका, या वेळी जरा वाकडंतिकडं आलंय.

दादाने पाठवलेला शिमग्याचा व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. पालखी दारात आली तेव्हा आई ओटी भरताना दिसली आणि मागे नमू कोणाला तरी ओरडत होती. आवाज ऐकूनच बरं वाटलं.

आईच्या प्रश्नांची उत्तरं आधी देते. थंडी सोसते. लोकरीचं आतून घालते, आणि खोलीत हीटर आहे. पाऊस म्हणशील तर तो बारमाही. आपल्याकडे चार महिन्यांत जेवढा कोसळतो, तेवढाच इथे वर्षभर पुरवून पुरवून पडतो, दोनशेहून जास्त दिवस. पण तो कौलांवर वाजत नाही. रात्री पाऊस ऐकत झोपायची सवय होती, ती इथे मोडली.

जेवणाचं आता एकदाच नीट सांगते, म्हणजे फोनवर दर वेळी तेच नको. मी उपाशी राहत नाही. गोंधळ आहे तो इथल्या लोकांच्या जेवणाचा. सकाळी सव्वाअकरा-साडेअकरा झाले की सगळे डबा काढतात. त्याला 'मातपाक्के' म्हणतात. डबा म्हणजे काय, तर पावाचे दोन-चार जाड तपकिरी काप, त्यांवर लोणी आणि चीजची एक चकती. वर दुसरा काप नाही, उघडाच. मग एकावर एक रचताना खालच्याचं चीज वरच्याला चिकटायला नको, म्हणून प्रत्येक दोन कापांच्या मध्ये कागदाचा एक चौकोनी तुकडा घालतात. यासाठी दुकानात कापून ठेवलेले वेगळे कागद मिळतात, आई, फक्त पावाच्या कापांमध्ये घालायला! त्या कागदाला स्वतःचं नावसुद्धा आहे. हे असं रोज. सोमवारी तेच, शुक्रवारी तेच. आमच्या सगळ्यांत मोठ्या बाई, ज्यांच्या हाताखाली मी काम करते, त्याही तेच खातात आणि बोटीवरचा खलाशीही तेच. पहिल्या वर्षी मला वाटायचं, यांच्या घरी कोणी करून देणारं नाही की काय. मग कळलं की गरम आणि पोटभर जेवण ते घरी जाऊन चार-पाच वाजता जेवतात. दुपारच्या डब्याने फक्त भूक भागवायची, चव शोधायची नाही, आणि त्यात त्यांना काहीच कमी वाटत नाही. चीज एक तपकिरी असतं, गोडसर, खरपूस खव्यासारखं. ते मला आवडतं. पण मी डब्यात भात-आमटीच नेते आणि तिथे गरम करते. कोणी नाक मुरडत नाही. सुकट मात्र घरीच करते, रविवारी. इथला बांगडा आपल्यापेक्षा मोठा आणि तेलकट, तिरफळ घालून छान लागतो. तू दिलेलं कोकमाचं आगळ अजून अर्धी बाटली उरलंय, जपून वापरते.

आता बाबांचं. बंदरावर तुम्हाला कोणी तरी विचारलं की पोरगी तिकडे नेमकं काय करते, आणि आईने सांगितलं की रावसावर काम करते. आई, सॅल्मन म्हणजे आपला रावस नव्हे. इंग्रजीत रावसाला तसं म्हणतात एवढंच. सॅल्मन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत येतो. मी त्याच्या अंगावरच्या उवा मोजते. 'एवढं शिकून उवा मोजतेस?' असं बाबा म्हणाले नाहीत, पण फोनवर गप्प झाले होते. म्हणून सविस्तर लिहिते.

इथे 1970 साली हित्रा नावाच्या बेटावर दोन भावांनी समुद्रात पिंजरा टाकून सॅल्मन वाढवायला सुरुवात केली. आज वर्षाला 15 लाख टनांच्या आसपास सॅल्मन निघतो. पिंजरा म्हणजे खाडीत तरंगणारं गोल जाळं. एकात जास्तीत जास्त 2 लाख मासे ठेवायला परवानगी. खाडी म्हणजे इथली फ्योर्ड, दोन्ही बाजूंना उभे डोंगर आणि मध्ये काळं, खोल पाणी. एवढे मासे बाराही महिने एका जागी राहिले की त्यांच्यावर जगणारी ऊ फोफावते. पूर्ण वाढलेली मादी करंगळीच्या नखाएवढी, तांबूस, चपटी, आणि मागे अंड्यांच्या दोन लांब दोऱ्या लोंबत असतात. एकेका दोरीत शेकड्याने अंडी. ती फुटली की पिल्लं पाण्याबरोबर वाहत जातात आणि मासा मिळेल तिथे चिकटून त्याची कातडी आणि रक्त खातात.

पिंजऱ्यातल्या माशाला औषध देणारा मालक आहे. माझा जीव अडकलाय तो बाहेरच्यात. मे महिन्यात नदीतून सॅल्मनची पिल्लं पहिल्यांदा समुद्राकडे निघतात, जेमतेम वीस ग्रॅमची, एका मोठ्या कोळंबीएवढ्या वजनाची. त्यांची वाट या पिंजऱ्यांच्या बाजूनेच जाते. एवढ्याशा पिल्लावर दहाएक उवा बसल्या तरी ते वाचत नाही.

गेल्या मेमध्ये हार्डांगर फ्योर्डमध्ये आम्ही किनाऱ्याला जाळी लावली होती. आपल्या डोल जाळ्यासारखीच एका जागी उभी, मासा आपणहून आत येतो. फक्त मारायचा नसतो. त्यात सी ट्राउट मिळतात. हा सॅल्मनचा भाऊबंद, पण लांब जात नाही, फ्योर्डमध्येच फिरतो, म्हणून तिथल्या पाण्याचा हाल त्याच्या अंगावर दिसतो. एक मासा मी बेशुद्धीच्या पाण्यातून पांढऱ्या ताटात घेतला. पाठीवरचा पर मुळापर्यंत कुरतडलेला, आतले काटे उघडे, आणि त्याच्याभोवती उवा मोहरीसारख्या दाटलेल्या. भिंग लावून एकेक टप्प्याच्या वेगळ्या मोजल्या, साठाच्या पुढे गेल्या. माझ्या हातमोज्यावरही दोन चढल्या. मग त्याला ताज्या पाण्यात धरून ठेवलं, कल्ले नीट हलायला लागेपर्यंत, आणि सोडला. असे मासे समुद्रात राहत नाहीत, बाबा. पोट भरायच्या आधीच नदीच्या तोंडाशी परत येतात, कारण गोड्या पाण्यात ऊ टिकत नाही. जीव वाचतो, पण वर्षाची वाढ बुडते.

ही मोजणी कशाला, तर त्यावर इथला कायदा चालतो. पिंजरेवाल्याने दर आठवड्याला उवा मोजून कळवायच्या, आणि ते आकडे कोणालाही बघता येतात. सरासरी एका माशामागे अर्धी, म्हणजे दोन माशांत मिळून एक मादी, याच्यावर गेलं की काही तरी करावंच लागतं. पिल्लं बाहेर पडायच्या दिवसांत तर पाच माशांत एक, इतकी कडक मर्यादा. शिवाय 2017 पासून सगळ्या किनाऱ्याचे 13 भाग पाडलेत आणि त्यांना सिग्नलसारखे रंग देतात. जंगली माशांवर उवा कमी असतील तर हिरवा, तिथे धंदा 6 टक्के वाढवता येतो. लाल झाला तर 6 टक्के कमी करायचा. आमच्यासारख्यांनी मेमध्ये मोजलेल्या उवांचा त्या रंग ठरवण्यात हिस्सा असतो. म्हणून मी एकही ऊ अंदाजाने लिहीत नाही. ही गोष्ट बंदरावर कोणी विचारलं तर जरूर सांगा.

इथे सगळं छान चाललंय असंही नाही. उवांना औषधं लागू पडेनाशी झाली, तेव्हा माशांना अर्धा-एक मिनिट कोमट पाण्यात बुडवायची पद्धत निघाली, 28 ते 34 अंशांच्या. 2019 मध्ये इथल्याच सागरी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की 28 अंशांपासूनच मासा वेदना झाल्यासारखा वागतो, डोकं झटकतो, टाकीच्या भिंतींवर आपटतो. आपल्या हर्णैचं पाणी एरवीच 28 असतं. तेच पाणी इथल्या माशाला भाजतं. हे मी पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी माझं कशात लक्ष लागलं नाही. आता ऊ चिकटूच नये यावर जास्त भर आहे. ऊ वरच्या थरात असते, म्हणून पिंजऱ्याला वरच्या काही मीटरना कापडाचा घेर लावतात, त्याला इथे घागराच म्हणतात. मासा आणखी खोल ठेवावा तर त्याला हवा गिळायला वर यावं लागतं, त्यावरही कामं चालू आहेत.

बाबा, तुम्ही विचारलंत की मासा वाढवायला मासाच मारून घालतात ना? 1990 च्या सुमाराला खाद्यातला 90 टक्के भाग समुद्रातून यायचा, आता तो पाव हिश्श्याच्याही खाली आलाय. बाकी सोयाबीन, गहू, वनस्पतींचं तेल. म्हणजे प्रश्न संपला नाही, थोडा शेताकडे सरकला. तुमचा प्रश्न मी आमच्या बाईंना सांगितला, त्या म्हणाल्या तुझ्या वडिलांना बरोबर जागा सापडली.

आणि इतकं करूनही जंगली सॅल्मन घटतोच आहे. गेल्या जूनमध्ये सरकारने 33 नद्यांत त्याची मासेमारी ऐन हंगामात थांबवली. इथे बापजाद्यांपासून नदीवर येणारी माणसं गळ गुंडाळून घरी गेली. ते बघताना मला तुम्ही आठवलात. लिलावात तळहाताएवढी पापलेटं टोपलीभर यायची तेव्हा तुम्ही एक हातात घेऊन म्हणायचात, 'याला अजून एक पावसाळा मिळायला हवा होता.' आपल्याकडे 2023 मध्ये पापलेट राज्यमासा झाला, 54 जातींना कमीत कमी लांबीही ठरली. कागद आहे. पण बंदरावर पट्टी घेऊन रोज मोजणारं माणूस हवं, आणि मोजलेलं कोणालाही बघता यायला हवं. मी शिरगावच्या फिशरीज कॉलेजात शिकले तेव्हा हे कळत नव्हतं. हे शिकून मला तिकडेच यायचंय, इथे राहायचं नाही. आई, तू ते मनातून काढून टाक.

आता मुख्य. नमूचा साखरपुडा मेमध्ये ठरतोय, तर मला येता येणार नाही. रजा मिळत नाही असं नाही, मागितली तर देतीलही. पण पिल्लं बाहेर पडतात तेच तीन-चार आठवडे, आणि या वर्षीची मोजणी हुकली तर माझं वर्ष जातं. डिसेंबरात लग्न आहे त्याला मी आठ दिवस आधी हजर असेन, तिकिटाचे पैसे बाजूला ठेवलेत. नमू, तू फोनवर 'चालेल' म्हणालीस तो आवाज मला माहीत आहे. हळदीला तुझ्या बाजूला मीच बसणार.

मोठीच्या आधी धाकटीचं, म्हणून लोक बोलतात हे आईने सांगितलं. बोलू दे. माझ्यासाठी नमूला एक दिवसही थांबवू नका. अलिबागच्या स्थळाशी मी एकदा बोलले. माणूस बरा वाटला. मी परत आल्यावर किनाऱ्यावरच काम करणार, हे त्याला स्पष्ट सांगितलंय. त्याने विचार करून कळवतो म्हटलं. त्याच्या घरी तुम्ही आपणहून फोन करू नका, बाबा.

पैसे. या महिन्यात ठरल्यापेक्षा तीस हजार कमी येतील. त्याचं कारण असं की जानेवारीत रस्त्यावरच्या बर्फावरून घसरून माझं उजवं मनगट मोडलं होतं. आता पूर्ण बरं आहे, प्लास्टर निघून तीन आठवडे झाले, बोटं सगळी हलतात, म्हणून सांगते. इथे लोक बुटांना खाली खिळ्यांचे पट्टे लावतात, ते मी घेतले नव्हते, आता घेतलेत. तेव्हा सांगितलं असतं तर आईने जेवण सोडलं असतं. फोनवर कॅमेरा बंद ठेवायची ते त्यामुळे. नेट खराब आहे असं खोटं सांगितलं, ते मला फार लागून राहिलंय. आई, रागावू नकोस.

एप्रिलचे दीड लाख मात्र पूर्ण पाठवते. दादा, ते इंजिनाच्या हप्त्याला घालू नकोस, हप्त्याचे मी मेमध्ये वेगळे पाठवेन. या पैशांनी आधी आईच्या पाटल्या सोडवून आण. मला पाठवताना 2021 मध्ये ठेवल्यात, चार वर्षं झाली. साखरपुड्याच्या फोटोत आईच्या हातात त्या दिसल्या पाहिजेत. आई, काचेच्या बांगड्या पुढे कर, पाटल्या मागे, तू आधी घालायचीस तशा.

तुमची,
मनू

ता. क. पाडव्याच्या दिवशीच इथली घड्याळं एक तास पुढे जातात. म्हणजे त्या दिवसापासून तुम्ही रात्री नऊला फोन केलात तर माझ्याकडे साडेपाच वाजलेले असतील, मी घरीच असेन. गुढी उभारलीत की फोटो पाठवा. कॅमेरा चालू ठेवते.