विद्यापीठाच्या लायब्ररीतल्या काकांना, मनापासून आभार

काका नमस्कार, शिवाजी विद्यापीठाच्या लायब्ररीत रोज इतकी पोरं येतात, तुम्हाला मी आठवणार नाही कदाचित. बाबासाहेबांचा जातींवरचा निबंध मूळ जिथं छापला तिथंच बघायचाय म्हणून अडून बसलेली ती मी. आभार मानायचे राहूनच गेले.

९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात वाचलेला तो निबंध, माझ्याकडं त्याच्या संदर्भाची एवढीच ओळ होती: इंडियन अँटिक्वेरी (हे जुनं संशोधन मासिक), मे १९१७, खंड एक्स-एल-आय, म्हणजे ४१. नेटवर ४१ व्या खंडाचं स्कॅन मिळालं पण ते निघालं १९१२ चं, आणि निबंध कुठंच नाही. तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलात आणि म्हणालात, बाळ, आधी ओळीतल्या गोष्टी एकमेकींशी जुळतात का बघ, पहिला खंड १८७२ चा, वर्षाला एक, मग १९१७ ला कितवा येतो? ४६! रोमनमध्ये एक्स-एल-व्ही-आय, त्यातला व्ही गळाला की झाला ४१. तो खंड उघडला आणि पान ८१ वर निबंध समोर, खरं सांगते अंगावर काटा आला.

घाईची वेळ होती तरी तुम्ही माझी सगळी संदर्भांची यादी घेऊन बसलात. लेखाच्या नावानंतर ‘इन’ आणि संपादकांची नावं दिसली की तो पुस्तकातला लेख, कॅटलॉगमध्ये लेखाचं नाव टाकून मिळायचं नाही, पुस्तकाचं टाक. कंसाबाहेरचा आकडा खंड, आतला अंक. १० आणि टिंबानं सुरू होणारा लांबलचक नंबर म्हणजे डीओआय, साईट बदलली तरी त्यावरून लेख सापडतो. ‘इबिड’ (म्हणजे ‘तिथंच’) दिसलं तर लगेच वरची टीप बघायची. अप्रकाशित पीएचडी प्रबंध असला तर आधी शोधगंगावर, म्हणजे भारतातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर जायचं. हे सगळं आम्हाला वर्गात पहिल्याच सेमिस्टरला शिकवायला पाहिजे असं मला फार वाटतं, कारण संदर्भ द्यायचा कसा हे सगळे सांगतात, दुसऱ्यानं दिलेला वाचायचा कसा हे तुमच्याशिवाय कुणीच सांगितलं नाही.

आता होस्टेलवरच्या मुली अडल्या की माझ्याकडं येतात आणि मी पण आधी साल नि खंड जुळवून बघायला लावते.

डेझर्टेशन बाइंडिंगला दिलंय काका, एक प्रत तुमच्यासाठी सांगितलीय, सोमवारी दुपारी काउंटरवर आणून देते.