जुन्या फॉर्च्युनरला लेजेंडरचं तोंड देणाऱ्या उस्तादांना

आदरणीय उस्ताद,
स. न. वि. वि.

नाव आणि गॅरेजचा पत्ता कुठे लिहायचा नाही, ही तुमची अट. हातातली कामंच उरकत नाहीत म्हणता, तर पाळतो ती. कामाबद्दल मात्र बोलू द्या. २०१६ ते २०२० मधल्या टोयोटा फॉर्च्युनरवर लेजेंडरचं, म्हणजे तिच्याच २०२१ मध्ये आलेल्या नव्या रूपाचं, तोंड बसवून घेतलेल्या गाड्या आता सगळीकडे दिसतात, आणि त्यातल्या बऱ्याच लांबूनच कळतात. बंपरचा पांढरा एक, फेंडरचा दुसराच. हेडलाइटच्या कडेला बोट जाईल एवढी फट. एका बाजूचं इंडिकेटर दुप्पट वेगानं टकटकतंय. तुमच्या हातून निघालेल्या गाडीत यातलं काही सापडत नाही. ते का सापडत नाही, हे आम्हा जुन्या फॉर्च्युनरवाल्यांना नीट ठाऊक आहे, म्हणून हे जाहीर आभारपत्र.

नोव्हेंबर २०१६ मध्ये भारतात आलेली दुसऱ्या पिढीची फॉर्च्युनर आणि जानेवारी २०२१ मध्ये आलेली फेसलिफ्ट (तीच गाडी, बाहेरचं रूप बदललेलं) व लेजेंडर, यांचा सांगाडा एकच. बॉनेट, फेंडर, दारं तीच राहतात. बदलायचे ते पुढचा बंपर, ग्रिल, हेडलाइट, फॉगलाइटचा भाग, मागचा बंपर आणि टेललाइट. म्हणजे पत्र्याला हात लावायची वेळच येत नाही. फिटरनं ग्राइंडर उचलला की समजायचं, किट तरी चुकीचं आहे नाहीतर ब्रॅकेट तरी, हा तुमचा नियम आम्ही पाठ करून ठेवलाय.

पहिले आभार किट निवडून दिल्याबद्दल. पेटी उघडल्यावर तुम्ही चकाकी बघत बसत नाही, बंपर उलटा करून आतला शिक्का वाचता. पीपी (पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिक) असेल तर माल वाकतो, हलका धक्का खाऊन परत जागेवर येतो. मूळ बंपरही त्याच जातीचा. एबीएस हे दुसरं प्लॅस्टिक टणक, रंग लवकर धरतो, पण टोला बसला की चिरतो आणि कडक थिनर लागलं तर केसासारख्या भेगा पडतात. फायबरचा बंपर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग पडणारा. हाताने ओतलेला असल्याने दोन नग सारखे निघत नाहीत, बोल्टच्या भोकापाशी तडकतो, आणि जेलकोटमधली, म्हणजे वरच्या गुळगुळीत थरातली, टाचणीच्या टोकाएवढी भोकं नेमकी रंग झाल्यावर वर येतात. फायबरचं किट घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवणारा गॅरेजवाला आम्ही दुसरा पाहिलेला नाही.

हेडलाइटच्या बाबतीत तर तुम्ही आमचाच नाही, समोरून येणाऱ्यांचाही जीव वाचवलात. आखाती देशांसाठी बनवलेले हेडलाइट भारतात सर्रास विकले जातात. तिथे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, म्हणून त्यांच्या लो-बीमची रेघ, म्हणजे झोताची वरची कड, उजवीकडे वर चढते. आपल्याकडे तोच झोत थेट समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत. थायलंडमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, त्यामुळे त्या बाजारासाठीचा हेडलाइट इथे चालतो. पेटीवर काहीही छापलेलं असो, तुम्ही दिवा बारा व्होल्टवर पेटवून भिंतीवर रेघ बघता आणि मगच पैसे द्यायला सांगता. स्क्रूने खालीवर करून हा दोष जात नाही. झोताचा आकारच उलटा असतो.

आता कोरं फिटिंग. बंपर आधी रंगवायचा आणि मग बसवायचा, अशी घाई जवळपास सगळीकडे होते. तुम्ही कच्चा बंपर आधी गाडीवर चढवता. बॅटरीची निगेटिव्ह काढून किमान दीड मिनिट थांबायचं, मग वरच्या क्लिपा, चाकाच्या कमानीतले स्क्रू, खालचे दहा नंबरच्या पान्याचे बोल्ट, आणि शेवटी बंपरचे कान (दोन्ही बाजूंची टोकं) बाहेर ओढून लॉक सोडवायचे. फॉगलाइट आणि सेन्सरचे कपलर (वायरींचे जोड) आधी सोडवले नाहीत तर वायर ओढली जाते. नव्या बंपरला फेंडरशी दोन्ही बाजूंना सारखी दोन-तीन मिलिमीटरची फट मिळाली पाहिजे. ती मिळत नसेल तर बहुतेक वेळा दोष बंपरचा नसतो. फेंडरखालचा बाजूचा रिटेनर (बंपर धरून ठेवणारी पट्टी) जुन्या आकाराचा राहिलेला असतो, किंवा हेडलाइट अर्धा बोल्ट पुढे बसलेला असतो. म्हणून क्रम ठरलेला: आधी हेडलाइट, मग ग्रिल, मग बंपर, आणि सगळे बोल्ट हाताने लावून फटी जुळल्यावरच आवळायचे. एक कोपरा आधी आवळला की दुसऱ्या कोपऱ्याची फट वाढलीच म्हणून समजा. कोऱ्या प्लॅस्टिकवर फाइल मारता येते, गरम हवेने कडा किंचित वळवता येते. रंगावर यातलं काहीच करता येत नाही.

याच टप्प्यावर तुम्ही एका गोष्टीला ठाम नकार देता, त्याबद्दल खास आभार. बंपरमागे लोखंडी बीम असतो आणि त्यावर धक्का शोषणारा फोम. नव्या बंपरची आतली एखादी बरगडी या फोमला टेकली की काही ठिकाणी सरळ फोम कापून टाकतात, कधी काढूनच ठेवतात. बाहेरून कोणाला दिसणार आहे? एअरबॅगचं गणित पुढच्या भागाने धक्का कसा झेलला यावर बसवलेलं असतं. तुम्ही बरगडी घासता, फोमला हात लावत नाही. ग्रिलमागे चकचकीत काळा पत्रा किंवा घट्ट जाळी लावायलाही तुम्ही नाही म्हणता, कारण एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर तिथूनच श्वास घेतात आणि मे महिन्यातल्या घाटात त्याची किंमत कळते.

रंगावर तुमचा हात खरा बसलाय. टोयोटाच्या गाडीवरच्या माहितीच्या प्लेटवर सी/टीआर (C/TR) असं लिहिलेल्या ओळीत रंगाचा कोड असतो. पांढऱ्या गाडीचा कोड ०४० असेल तर तो साधा सुपर व्हाइट. ०७० असेल तर काम वेगळंच, कारण तो मोतिया पांढरा तीन थरांचा: खाली पांढरा बेस, मधे पारदर्शक मोती, वर क्लिअर. मोत्याचा एक हात कमी-जास्त झाला की शेड बदलते. म्हणून तुम्ही पत्र्याच्या चार पट्ट्यांवर एक, दोन, तीन आणि चार हात मारून, क्लिअर चढवून, वाळल्यावर त्या फेंडरला लावून बघता, आणि तेही उन्हात. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग पेट्रोल पंपावर उघडा पडतो. पाच-सात वर्षं उन्हात राहिलेला फेंडर कोडाप्रमाणे राहिलेलाच नसतो, तेव्हा कोडावरून बनवलेला डबा ही सुरुवात, शेवट नव्हे.

पीपीवर रंग धरत नाही, आणि बंपर सोलपटल्यासारखा निघण्याचं मूळ तिथेच आहे. तुमची रीत इथे लिहून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या गावच्या पेंटरलाही दाखवता येईल. आधी साबणाच्या पाण्याने धुणं, कारण साच्यातून सुटावा म्हणून मारलेलं तेल पृष्ठभागावर असतं. मग सिलिकॉन काढणारं डिग्रीझर, एका फडक्याने लावायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसायचं. राखाडी स्कॉचब्राइटने चकाकी घालवायची, पुन्हा डिग्रीझर. प्लॅस्टिक प्रायमरचा एकच पातळ हात. जाड मारला तर तोच थर पुढे सुटतो. त्यावर लवचीकपणाचं द्रव्य मिसळलेला टू-के (हार्डनर घालून वापरायचा) प्रायमर, ४०० ने सपाट, ८०० च्या पाणी-पेपरने शेवटचा हात. मग बेस, आणि क्लिअर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच, बहुधा दोनास एक हार्डनर. हार्डनर जास्त घातला की लवकर वाळतो हा गैरसमज. तो ठिसूळ होतो आणि पहिल्याच खड्ड्यात कानापाशी तडा जातो. शेजारी कोणी डॅशबोर्डला सिलिकॉनचं पॉलिश मारत असेल तर तुम्ही गन खाली ठेवता. त्याचा एक कण उडाला तरी रंगात माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. भर पावसाळ्यात बूथ नसेल तर काम घेतच नाही, तेही बरोबर.

वायरिंगला तुम्ही कात्री लावत नाही. जुन्या कपलरमधून नव्या हेडलाइटला जाणारा जोड-हार्नेस (वायरींचा तयार जुडगा) वापरता, मूळ वायर जशीच्या तशी राहते. डीआरएलचा (दिवसा जळणाऱ्या दिव्यांचा) पुरवठा फ्यूज लावून इग्निशनवरून घेतलेला असतो, पार्किंगच्या वायरीवर गाठ मारून नाही. धावतं (ओळीने पेटत जाणारं) इंडिकेटर एलईडीचं असल्याने २१ वॉटच्या बल्बपेक्षा फार कमी करंट ओढतं. गाडीला वाटतं बल्ब गेला, म्हणून ती वेगाने टकटकते. त्यावर ६ ओहम, ५० वॉटचा रेझिस्टर लावतात, पण तो चालू असताना चटका बसेल इतका तापतो. बंपरच्या प्लॅस्टिकला चिकटवलेला रेझिस्टर भोक पाडून खाली पडलेला गॅरेजमधल्या सगळ्यांनी पाहिलाय. तुम्ही तो पत्र्यावर स्क्रूने बसवता, वायरीपासून लांब. शेवटी गाडी सपाट जागेवर, भिंतीपासून १० मीटरवर, टायरची हवा बरोबर, आणि लो-बीमची रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली.

मागच्या बंपरवर पार्किंग सेन्सरचं काम बाकी ठिकाणी हमखास फसतं. सेन्सरचं होल्डर आतून ज्या कोनात चिकटलेलं असतं तो कोन चुकला की सेन्सर जमीन बघतो आणि रिव्हर्स टाकताच अखंड बोंबलतो. तुम्ही जुन्या बंपरवरून कागदाचा साचा काढता, भोक बाहेरून आत पाडता, आणि सेन्सरच्या तोंडावर रंगाचा पातळ एकच थर येऊ देता.

चाकांचंही सांगतो. ४x२ ला (दोनच चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या गाडीला) टायर २६५/६५ आर१७ आणि १८ इंची चाकाला २६५/६० आर१८. दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळपास सारखा, ७७५ मिलिमीटरच्या आसपास, म्हणून १८ चं चाक घातल्याने स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. सहा बोल्ट, १३९.७ मिलिमीटरचा पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास), मधलं भोक १०६ मिलिमीटरचं. भोक याहून मोठं असलेलं व्हील, मधली फट भरणारी रिंग न घालता, बसवलं की ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि लोक उगाच बॅलन्सिंग करत बसतात.

कायद्याची बाजू तुम्ही गिऱ्हाइकाला आधीच स्पष्ट सांगता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत ठरेल असा बदल चालत नाही, आणि कलम १८२अ खाली मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून गाडीचा रंग तोच, लांबी-रुंदी तीच, समोर बुलबार नाही, आणि विमा कंपनीला बिलासकट लेखी कळवायचं. नाहीतर पुढे क्लेमच्या वेळी सर्व्हेअर जुन्या बंपरचाच हिशोब धरणार. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचं लॉक एकदा फोडलं की पुन्हा बसत नाही, तेव्हा ती नव्या बंपरवर घ्यायची तर लॉक अधिकृत केंद्राकडूनच लावून घ्यायला सांगता, आणि तोवर गाडी गॅरेजबाहेर सोडत नाही. लेजेंडरचा बॅज मात्र कितीही आग्रह केला तरी लावत नाही. तोंड नवं असलं तरी आरसीवर मॉडेल आणि वर्ष जुनंच आहे. उद्या गाडी विकताना घेणाऱ्याची फसवणूक नको, हे तुमचं म्हणणं सुरुवातीला काहींना टोचलं, पण आता पटलंय.

काढलेला जुना बंपर, हेडलाइट, ग्रिल आणि क्लिपांची पिशवी बिलाबरोबर परत दिलीत, तेही आवर्जून लिहितो. ही सवय दुर्मिळ आहे. किटमधला हेडलाइट पाण्याने गेला तर मूळचाच परत बसवता येतो, आणि मूळ भाग असले की घेणारा गिऱ्हाईकही खुशीने भाव देतो. बंपर भिंतीला टेकवून न ठेवता आडवा ठेवा, उन्हापासून लांब, नाहीतर कान वाकतात, असं सांगितलं होतंत, तसाच ठेवलाय. नव्या क्लिअरवर महिनाभर वॅक्स नाही, हेही पाळतोय. फक्त एक विचारायचं राहिलं: पावसात डाव्या हेडलाइटच्या आत धूसर वाफ धरते आणि दिवा लावल्यावर अर्ध्या तासात जाते. मागच्या व्हेंटची (हवा जायच्या भोकाची) रबरी नळी बघायची, की एवढं चालायचंच? सवड मिळाली की कळवा.

आपले,
जुन्या फॉर्च्युनरवाले