वाळत नाही तो घाम

वेंगुर्ला,
१० मे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. बदली होऊन रत्नागिरीत येऊन जेमतेम आठवडा झालाय. भाट्याच्या किनाऱ्यावर तासभर धावलं की टी-शर्ट पिळून पाणी निघतं, बुटात चपक-चपक वाजतं, आणि पुण्यात असं कधी होत नव्हतं म्हणून तू घाबरलायस. मला काही रोग तर नाही ना, आणि हा घाम थांबवायचा कसा, असे तुझे दोन प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. थांबवायचा नाही. थांबला तर पंचाईत होईल. तुझी अडचण घाम येण्याची नाही, तो वाळत नाही ही आहे.

थोडा हिशेब करू. तू ७२ किलोचा. ताशी ८ किलोमीटरने तासभर धावलास तर साधारण पावणेसहाशे किलोकॅलरी खर्च होतात आणि त्यातला पाऊण हिस्सा किंवा जरा जास्तच नुसती उष्णता होऊन अंगात साठते. एक लीटर घाम अंगावरच पूर्ण वाळला तर ५८० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता घेऊन जातो. म्हणजे कागदावर तासाला पाऊण-एक लीटर घाम पुरेसा आहे. पण कोपरावरून टपकलेला आणि बुटात उतरलेला घाम काहीच थंडावा देत नाही. शरीराला आतून गरम वाटतच राहतं, म्हणून ते आणखी घाम सोडतं, आणि तोही टपकतो. पुण्यात पारा ३८ वर जातो, तरी हवा कोरडी असल्याने घाम दिसायच्या आत उडून जातो. इथे मे महिन्यात पारा ३३-३४ च्या पुढे फारसा जात नाही, पण हवेत आधीच इतकी वाफ भरलेली असते की तुझ्या घामाला शिरायला जागा नसते.

यात एक घोळ सगळे घालतात. मोबाइलवर पहाटेची आर्द्रता ९० टक्के दिसते, दुपारची ६३. मग ‘सकाळी जास्त दमट, त्यापेक्षा उशिरा जाऊ’ असं ठरतं. ते चूक. हवेतली वाफ दोन्ही वेळी जवळपास तेवढीच असते. २७ अंशांच्या हवेत ती ९० टक्के भरते आणि ३३ अंशांच्या हवेत ६३, एवढाच फरक. टक्केवारी सोडून दे आणि अ‍ॅपमध्ये ‘ड्यू पॉइंट’ म्हणजे दवबिंदू बघ, ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं ते; तो जितका वर, तितकी हवेत वाफ जास्त. तो २० अंशांच्या खाली असेल तर खुशाल जोर लाव. २४ च्या वर असेल तर वेग आपणहून कमी कर, धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे इतका. मे महिन्यात तो इथे २४ ते २६ असतो, म्हणजे रोजच हळू धावायचं.

दवबिंदू आपल्या हातात नाही, वारा मात्र थोडाफार आहे. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे घोकले होते ना, ते आता कामाला येतील. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तोही मंद. उजाडताना तर पान हलत नाही. दहा-अकराच्या सुमारास खारा वारा सुरू होतो आणि या दिवसांत दुपारनंतर तो वायव्येकडून चांगला वाहतो. पहाटे ऊन नाही पण वाराही नाही. संध्याकाळी साडेपाचनंतर हवा गरम, पण वारा अंगावर येतो. भिजून चिंब होणाऱ्या माणसाला मी संध्याकाळ सांगेन. ओहोटीची वेळ बघून जा, म्हणजे ओली, घट्ट पुळण मिळते. भुसभुशीत वाळूत तीच चाल दीडपट दमवते.

आणि दिशा बघ. ताशी ८ चा वारा पाठीवर घेऊन तू ताशी ८ ने धावलास तर तुझ्या अंगाला लागणारा वारा शून्य. जणू बंद खोलीत धावतोयस. म्हणून मूठभर सुकी वाळू उडवून वारा कुठला ते ठरव, आणि अंग गार असताना वाऱ्याबरोबर जा, तापल्यावर वाऱ्याच्या तोंडावर परत ये. वायव्येचा वारा असेल तर आधी दक्षिणेकडे, मग उत्तरेकडे. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, कारण सुरुवातीला तोंडावरचा वारा छान वाटतो.

तू आठवड्यापूर्वी आलायस, तेव्हा अंगाला हवा सवयीची व्हायला अजून वेळ आहे. १० ते १४ दिवस रोज थोडं थोडं, सुरुवातीला वीस-तीस मिनिटं हळू, इतकं केलं की शरीर जुळवून घेतं. रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, त्याच धावेला नाडी कमी पडते, घामातून मीठ कमी जातं. घाम मात्र कमी होणार नाही. उलट लवकर सुटेल आणि जास्त येईल. तेव्हा ‘सवय झाली की घाम थांबेल’ असं कोणी ऑफिसात सांगितलं तर मान डोलाव आणि सोडून दे. दोन-तीन आठवडे खंड पडला तर ही कमाई बरीचशी वाया जाते, गणपतीनंतर पुन्हा सुरू करताना ते लक्षात असू दे.

आता मोजमाप. धावायला निघण्यापूर्वी लघवी करून, कपडे काढून वजन कर. परत आल्यावर अंग पुसून, पुन्हा कपडे न घालता कर. मध्ये किती प्यायलास ते बाटलीवरून बघ. समज आधी ७२.४ किलो, नंतर ७१.३, आणि वाटेत अर्धा लीटर पाणी. घट १.१ किलो, त्यात अर्धा लीटर मिळव. तासाला १.६ लीटर घाम. तासाला अर्धा ते दोन लीटर हे धावणाऱ्या माणसात सर्रास दिसतं, तेव्हा हा रोग नव्हे. वजनातली घट २ टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे, तुझ्या बाबतीत साधारण १.४ किलो. आणि वजन वाढलेलं दिसलं तर तू गरजेपेक्षा जास्त पाणी ढोसलंस. ही गोष्ट गमतीवारी नेऊ नकोस. नुसतं पाणी भरमसाट प्यायलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस भ्रमिष्टासारखं बोलतो, आणि बरोबरचे ‘पाणी कमी पडलं’ म्हणून त्याला आणखी पाणी पाजतात.

हा घाम गेला म्हणजे चरबी गेली असं मात्र समजू नकोस. ते १.१ किलो निव्वळ पाणी आहे. जिममध्ये प्लास्टिकचे सूट घालून घाम काढणारे दिसतील, त्यांच्या नादाला लागू नकोस.

एक लीटर घामात सरासरी १ ग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, कोणात निम्मं, कोणात दीडपट. १.६ लीटरला ते साधारण ४ ग्रॅम मीठ झालं, चहाचा पाऊण चमचा. काळा टी-शर्ट वाळल्यावर पांढरे पट्टे उमटत असतील आणि घाम डोळ्यांत गेल्यावर झोंबत असेल तर तू खारट घामाच्या जातीचा. तासाच्या आत परतत असशील तर साधं पाणी पुरे, दर वीस मिनिटांनी दीडशे मिलि. त्याहून जास्त वेळ असेल तर एक लीटर पाण्यात चहाचा पाव चमचा मीठ आणि पोह्याचे तीन-चार सपाट चमचे साखर घाल, वर लिंबू पिळ. साखर जास्त झाली की पाणी पोटात डुचमळत राहतं. ओआरएसच्या पुडीत मीठ याहून बरंच जास्त असतं, ती जुलाबासाठी बनवलेली. फार घाम गेल्यावर चालते, पण पुडीवर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्या पूर्ण पाण्यातच ती घालायची. अर्ध्या ग्लासात कालवून पिणारे महाभाग आहेत.

शहाळ्याबद्दल विचारलंस. शहाळं चांगलंच, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं, आणि तुझं जातंय ते सोडियम. तेव्हा शहाळ्यात चिमूटभर मीठ टाक. शहाळेवाला विचित्र नजरेने बघेल, बघू दे. त्याहून सोपं म्हणजे कोकमाचं आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस. ग्लासभर पाण्यात पोह्याचा एक चमचा आगळ आणि दोन चमचे साखर घालून ढवळ. आगळात मीठ आधीच असतं आणि ते घरोघरी कमीजास्त, म्हणून वरून मीठ घालण्याआधी चाखून बघ. अमृत कोकम वेगळं, ते साखरेच्या पाकातलं. सोलकढी धावण्याआधी नको. नारळाचा रस पोटात जड बसतो, ती जेवणाबरोबरच शोभते.

परत आल्यावर जेवढं वजन घटलं त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी पुढच्या तीन-चार तासांत पोटात जाऊ दे, एका दमात नव्हे. यासाठी कोकणातल्या माणसाने काही विकत आणायची गरजच नाही. उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज, सोबत लोणच्याची फोड. पाणी, मीठ, पिष्ट सगळं एका वाडग्यात. वर ताक. फक्त रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याने हे मिठाचं गणित डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. तुझ्या वडिलांनी तर मुळीच नको.

कपड्यांचं थोडक्यात. सुती बनियन आणि त्यावर सुती टी-शर्ट हा पुण्याचा रिवाज इथे सोड. सुती कापड पाणी पितं आणि सोडत नाही. पातळ, जाळीदार पॉलिएस्टरचा सैल टी-शर्ट घे, आत काही नको. त्याला वास लवकर धरतो, म्हणून आल्या आल्या साध्या पाण्यात खळबळून टाक, पिशवीत बोळा करून ठेवू नकोस. धुताना कंडिशनर नको, त्याचा थर बसला की कापड घाम पसरवत नाही. घाम सारखा पुसायची गरज नाही. डोळ्यांपुरता पूस, आणि एक पंचा ओला करून मानेवर टाक. बुटांचे दोन जोड ठेव आणि काढल्यावर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंब. मिरग लागला की तुला याचं मोल कळेल.

मांड्यांच्या आत, काखेत, स्तनाग्रांवर जिथे घासतं तिथेच व्हॅसलीन लाव, सगळ्या अंगाला तेल किंवा पावडर थापू नकोस. घामाच्या नळ्यांची तोंडं बुजली की घामोळं येतं, आणि ओल्या पावडरीचा जांघेत लगदा होतो. घामोळं आलंच तर कॅलामाइन लाव, चार दिवस धावणं बंद ठेव आणि पंख्याखाली बस. आंघोळीनंतर जांघ आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या कर. तिथे गोल, कडेने लाल, खाजरा चट्टा उठला तर ते गजकर्ण. मेडिकलवाला तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब पुढे करील. त्यावर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलेलं असेल तर परत दे. ते स्टिरॉइड. खाज दोन दिवसांत जाते, बुरशी आत पसरत राहते, आणि मग महिनोन्‌महिने हटत नाही.

काखेतला घाम ऑफिसात त्रास देत असेल तर डिओ मारून उपयोग नाही, तो फक्त वास झाकतो. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं औषध मिळतं, ते रात्री झोपताना पूर्ण कोरड्या काखेत लावायचं आणि सकाळी धुवायचं. ओल्या किंवा नुकत्याच दाढी केलेल्या कातडीवर लावलं तर आग होते, कारण पाण्याशी मिळून त्याचं आम्ल बनतं. घाम आटवणाऱ्या गोळ्याही असतात. त्या घेऊन मे महिन्यात धावणं म्हणजे इंजिनातलं पाणी काढून घाट चढणं.

आता तुझा पहिला प्रश्न. नुसतं बसलं असताना, पंखा चालू असताना तळहात-तळपाय पाझरत असतील, कागद ओला होत असेल आणि हे लहानपणापासून असेल तर तो अतिघामाचा विकार, त्वचारोगतज्ज्ञ त्यावर उपाय करतात. रात्री झोपेत अंथरूण भिजत असेल, सोबत ताप, वजन उतरणं किंवा छातीत धडधड असेल तर थांबू नकोस, तपासून घे. तुझ्या पत्रात यातलं काही नाही.

एवढं मात्र पाठ कर. धावताना कोणी अडखळायला लागला, असंबद्ध बोलायला लागला, अंग चटका बसण्याइतकं तापलं, तर तो उष्माघात धर. घाम चालू आहे म्हणून उष्माघात नाही असं मानू नकोस, धावणाऱ्याला घामासकट होतो. १०८ ला फोन लाव आणि गाडी येईपर्यंत हातावर हात धरून बसू नकोस. सावलीत ने, कपडे काढ, विहिरीचं किंवा नळाचं पाणी बादल्यांनी सतत अंगावर ओत, वारा घाल, बर्फ मिळाला तर काखेत-जांघेत-मानेवर ठेव. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

आठवडाभराचे आधीचे-नंतरचे वजनाचे आकडे, प्यायलेलं पाणी आणि त्या दिवसाचा दवबिंदू एका कागदावर लिहून पाठव. त्यावरून तुझी बाटली केवढी हवी ते सांगतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
वेंगुर्लेकर

ता. क. वजनकाटा फरशीवर ठेव. चटईवर किंवा पायपुसण्यावर ठेवलास तर किलोभर इकडेतिकडे दाखवील आणि आपला सगळा हिशेब पाण्यात जाईल.