चिंगीच्या लिव्हरबद्दल

परभणी

प्रिय दत्ता,

तुझं पत्र आणि रिपोर्टची झेरॉक्स मिळाली. तुमच्या कुत्रीच्या, चिंगीच्या, गर्भाशयाची पिशवी काढायच्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांना लिव्हर लहान दिसलं आणि त्यांनी लगेच तुकडा तपासायला पाठवला, हे फार बरं केलं. वहिनींना आधी सांग की रिपोर्टात कॅन्सर नाही, सिरॉसिसही नाही. आणि गल्लीत जे ‘पिसाळली, पिसाळली’ चाललंय त्यांना सांग, रेबीजची लक्षणं दिसायला लागली की जनावर थोड्याच दिवसांत जातं. ही पोरगी महिनोन्‌महिने तशीच आहे. जेवल्यावरच भिंतीला डोकं टेकवून उभी राहते, गोल फिरते आणि नंतर ठीक होते, म्हणजे गडबड खाण्याशी जोडलेली आहे.

आतड्यांतून आलेलं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून लिव्हरमध्ये जातं. लिव्हरला मिळणाऱ्या रक्तापैकी साधारण ७५ टक्के याच वाटेनं येतं, आणि स्वादुपिंडातलं इन्सुलिनही. लिव्हर त्यावरच पोसतं. चिंगीच्या बाबतीत बहुधा जन्मापासूनच एखादी जास्तीची शीर ते रक्त परस्पर मोठ्या शिरेत नेऊन सोडते. याला शंट म्हणतात. जायकवाडीचा कालवा वरच फुटला तर तुमच्या पाथरीच्या शेताचं जे होईल, तेच इथं झालंय.

आता तू ज्या ओळींखाली पेनानं रेघा मारल्यास त्या. पेशी आक्रसल्या, कारण पोषण पोचत नाही. पोर्टल शिरा बारीक, कुठं कुठं दिसतच नाहीत, कारण त्यांतून रक्तच वाहत नाही. बारीक रोहिण्यांची गर्दी झाली, कारण शिरेचं रक्त कमी पडलं की रोहिणी आपला पुरवठा वाढवते. चरबीचे छोटे पुंजकेही अशा लिव्हरमध्ये सापडतात. म्हणजे लिव्हर मुळात आजारी नाही, उपाशी आहे. म्हणून ते लिव्हर टॉनिक बंद कर बाबा, उगाच पैसे जातायत.

पण एक गोष्ट नीट ध्यानात घे. हेच चित्र दुसऱ्या एका विकारातही दिसतं. त्यात मोठा शंट नसतोच, लिव्हरच्या आतल्या बारीक शिराच जन्मतः अपुऱ्या असतात. काचपट्टीवर दोन्ही सारखेच. त्यामुळं नुसत्या या कागदावर कुणी ‘शंटचं ऑपरेशन करू’ म्हणालं तर ऐकू नकोस. आधी सोनोग्राफी, जमलं तर सीटी अँजिओग्राफी, म्हणजे शिरांचं स्कॅन. पग, यॉर्कशायर अशा लहान जातींत शंट बहुधा लिव्हरच्या बाहेर असतो. लॅब्रॅडॉरसारख्या मोठ्या जातींत आत असतो, आणि तो गाठणं अवघड.

तिला मांस द्यावं का म्हणशील तर ही गोष्ट फार जुनी. १८७७ मध्ये निकोलाय एक (Eck) नावाच्या रशियन डॉक्टरनं कुत्र्यांत हीच वाट शस्त्रक्रियेनं मुद्दाम तयार केली. पुढं १८९३ मध्ये पावलोव्ह आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की अशी कुत्री मांस खाल्लं की बिथरतात. घंटी ऐकून कुत्र्याला लाळ सुटते, त्या प्रयोगाचा पावलोव्ह, तोच. आतड्यात तयार झालेला अमोनिया लिव्हर युरियात बदलतं. रक्त लिव्हरला वळसा घालून गेलं की तो थेट मेंदूपर्यंत पोचतो. तेव्हा रविवारची कलेजी बंद. पनीर, दही, अंडं, थोडं सोयाबीन चालेल, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. प्रथिनं अगदीच तोडू नकोस, वाढतं जनावर आहे. लॅक्टुलोजचं सिरप माणसांच्या मेडिकलमध्ये मिळतं, ते अमोनियाला आतड्यातच अडवतं. मात्रा तिथल्या डॉक्टरांना विचारून ठरव. शी दिवसातून दोन-तीनदा मऊ व्हायला हवी, पातळ नको.

शंट सापडलाच तर सर्जन त्याच्याभोवती केसिनची एक कडी बसवतात. ती ओल धरून हळूहळू फुगते आणि काही आठवड्यांत वाट बंद करते. एकदम बांधलं तर आतड्यांकडं दाब चढून जनावर दगावू शकतं. धोका राहतोच, नंतर झटके येणारीही काही कुत्री असतात, हे वहिनींपासून लपवू नकोस. पण रक्त पोचू लागलं की लिव्हर पुन्हा वाढतं, हेही खरं.

इकडं यायचं ठरव. बाइल ॲसिडच्या, म्हणजे पित्तातल्या आम्लांच्या तपासणीसाठी एकदा उपाशीपोटी आणि खाल्ल्यावर दोन तासांनी पुन्हा रक्त घ्यावं लागतं, म्हणून सकाळच्या गाडीनंच निघ आणि तिला काही खायला घालू नकोस. मात्र वाटेत सुस्तावली, लटपटली तर हिरड्यांना मध लाव आणि मला फोन कर. ताजी लघवी स्वच्छ बाटलीत आण, त्यात अमोनियम युरेटचे बारीक खडे दिसतात का ते बघायचंय. जेवायला घरीच ये.

तुझा,
विलास